चाकांवरचं घर आणि मिसूरीचा उतार

अमेरिकेला जाऊन आलं की लोक पहिलं विचारतात, नायगारा पाहिला का? नाही बाई, नाही पाहिला. मी त्याऐवजी चाकं लावलेल्या घरात नऊ दिवस राहून आले. त्या घरात ओटा होता, पाण्याचा नळ होता, खिडक्यांना पडदे होते, आणि ते सगळं घर आमच्या मुलाने गाडीच्या पाठीला अडकवून डोंगरापर्यंत ओढत नेलं. आमच्या गल्लीतल्या बायका म्हणतात, काकू, लिहून काढा. मी काही लेखिका नव्हे, सातवीपर्यंत शिकलेली बाई. बोलते तसं लिहिते. पण झालेली चूकसुद्धा लिहिणार आहे, आणि ती माझीच आहे.

साल सत्त्याऐंशी, महिना जूनचा. आमचा शशी मिनेसोटा राज्यात ईडन प्रेरी नावाच्या गावात असतो. सून मेधा, सहा वर्षांची नात नेहा. आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी गेलो होतो, त्यातले अडीच संपत आले होते. एके दिवशी शशीने वडिलांना विचारलं, "बाबा, तुम्हाला काय बघायचंय? जे म्हणाल ते."

आमचे हे म्हणजे गारगोटीच्या हायस्कुलात एकतीस वर्षं भूगोल शिकवलेले गुरुजी. स्वतःसाठी काही मागायची सवय नाही. मला साडी घेतली तर स्वतःचा सदरा राहू दे म्हणणारा माणूस. पण त्या दिवशी पटकन म्हणाले, "गरम पाण्याचा फवारा."

यलोस्टोन नावाच्या जंगलात जमिनीतून उकळतं पाणी आपोआप आभाळात उडतं. दरवर्षी आठवीच्या वर्गाला ते हा धडा शिकवायचे. निळ्या खडूने फळ्यावर फवारा काढायचे, तो फळ्याच्या वरच्या चौकटीला टेकला की थांबायचे. मग फळ्याकडे पाठ करून, मुलांकडे तोंड करून, मागे न बघता पट्टी बरोबर फवाऱ्यावर टेकवायचे. एकदा एका पोराने विचारलं होतं, "गुरुजी, तुम्ही पाहिलाय का?" घरी येऊन मला सांगितलं, "मी नाही म्हणालो. दुसरं काय म्हणणार?" ही गोष्ट मी वीस वर्षं ऐकत आलेय.

मेधाची नोकरी नवी, तिला रजा नाही. शशीला नऊ दिवस मिळाले. परत आलो की चौथ्या दिवशी आमचं विमान. म्हणजे जायचं तर आत्ताच. सत्तरीला टेकलेली आम्ही दोघं, पुन्हा सात समुद्र ओलांडून कोण येतंय!

निघण्याआधी

शशीकडे मधल्या चणीचा पिकअप ट्रक आहे. पुढे एकच सलग बाक, तिघं बसतील एवढा, आणि मागे उघडा हौद. तो म्हणाला, मोठा ट्रक घेतला असता तर गॅरेजमध्ये मावला नसता, छोटा घेतला असता तर ट्रेलर ओढला नसता. ट्रेलर त्याने ऑफिसातल्या एका माणसाकडून जुना घेतला होता. सोळा फुटी पांढरा डबा, कडेने हिरवी पट्टी. आत शिरलं की पुढच्या टोकाला आडवा पलंग, मागच्या टोकाला ओटा आणि कपाटं, मध्ये टेबल. टेबल खाली पाडलं की त्याचाही पलंग होतो. मी तर आत जाऊन सगळे खण उघडून-मिटून पाहिले. भातुकलीचंच घर, फक्त मोठ्या माणसांच्या मापाचं.

सामान भरायला शशीने अख्खा रविवार घालवला. हे बाहेरचं काही खात नाहीत, म्हणून नऊ दिवसांचा शिधा बरोबर घेतला होता. तांदळाचं पोतं, कणकेचं पोतं, डाळी, साखर, कांदे-बटाटे, कुकर, लोखंडी तवा, मी गावाहून आणलेला खलबत्ता. शिवाय त्याची हत्यारांची पेटी. हे सगळं त्याने पुढच्या पलंगाखालच्या कप्प्यात नीट रचलं.

सोमवारी तो ऑफिसला गेला आणि मी अंथरूण घालायला ट्रेलरमध्ये शिरले. गादी उचलली, तर खाली तांदूळ! म्हणजे आम्ही दोघांनी नऊ दिवस अन्नावर झोपायचं? अन्नाच्या दिशेने पायसुद्धा करू नये, इथे तर डाळीवर टाचा! शशीला काय कळणार, बारा वर्षं झाली इकडे येऊन. मी पदर खोचला आणि सगळं धान्य एकेक करून मागच्या कपाटात नेलं. मग कुकर नेला, तवा नेला. हत्यारांची पेटीही नेली, ती एकटी कशाला ठेवायची. रिकाम्या कप्प्यात ब्लँकेटं आणि स्वेटर भरले, झाकण लावलं, गादी टाकली. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात? घर आवरलं, झालं!

पहिला दिवस

निघताना नेहा अंगणात उभी. मला म्हणते, "आजी, डोन्ट लेट आजोबा ड्राइव्ह!" यांनी आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलेलं नाही. पण यांनी छाती पुढे काढून सांगितलं, "बघू, शशी दमला तर."

बाकावर शशी चालवायला, खिडकीशी हे नकाशा उलगडून, आणि मी मध्ये. गिअरचा दांडा माझ्या गुडघ्याला. शशी म्हणायचा, "आई, पाय," की मी पाय आवरायचे. दिवसभर माझी ती कवायत.

बाहेर जमीन म्हणाल तर पोळपाटासारखी सपाट. मैलच्या मैल मका, अजून वीतभर. शेतात माणूस दिसत नाही, गडी नाही, बांध नाही. मी म्हटलं, "हे पेरतं कोण?" शशी म्हणाला, "एकटा माणूस आणि एक यंत्र." मला काही ते पटलं नाही. डबा खायला एवढ्या शेतात एकट्याने बसायचं?

ट्रेलर मागे हलकेच डुलत होता. बाकावर बसलं तरी ते डुलणं कळायचं, डावीकडे, उजवीकडे. मी म्हटलं, "किती छान रे, झोपाळ्यासारखं." शशी आरशात बघत होता.

मुक्कामाची जागा म्हणजे एक मोकळं रान, त्यात आखलेले चौकोन. प्रत्येक चौकोनात एकेक ट्रेलर, शेजारी विजेचा खांब आणि नळ. ट्रेलर मागे घेऊन चौकोनात बसवणं हे मोठं काम. उजवीकडे न्यायचा तर चाक डावीकडे फिरवायचं. शशीने सहा वेळा मागे-पुढे केलं. हे मागे उभं राहून "येऊ दे, येऊ दे" करत होते आणि स्वतःच वाटेत येत होते. मला माझे वडील आठवले. कागलजवळ माझं माहेर. वडिलांच्या चार बैलगाड्या होत्या, गूळ बाजारात न्यायच्या. गाडी मागे सारताना ते बैलांशी बोलायचे. शशीही ट्रकशी बोलत होता, पण ते शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत.

पिठलं-भात केला. खिडकीतून वास सगळ्या रानात.

दुसरा दिवस: मिसूरीचा उतार

दुपारनंतर वारा सुटला. हे सकाळपासून घड्याळ बघत होते, कारण पुढे मिसूरी नदी येणार होती. "मिसिसिपी-मिसूरी," असं एका दमात म्हणायचे शाळेत, तीच ती. एका चढावर आलो आणि खाली नदी दिसली. केवढी रुंद, निळीशार, पलीकडे पिवळे डोंगर! हे नकाशा सोडून काचेला नाक लावून बसले. रस्ता उताराला लागला, ट्रकने वेग घेतला. तेवढ्यात एक भला मोठा मालट्रक बाजूने धाडकन पुढे गेला.

आणि मागचा डबा हलायला लागला. कालचा झोपाळा नव्हे हो. कुत्रं शेपूट हलवतं तसा. एकदा डावीकडे, मग त्याहून जास्त उजवीकडे, मग त्याहूनही जास्त. ट्रकचा मागचा भाग उचलल्यासारखा व्हायला लागला. शशीचे हात चाकावर पांढरे पडले. मी गणपतीचं नाव घेतलं, तेही अर्धंच तोंडातून निघालं. ट्रेलरचे ब्रेक वेगळे असतात, त्यांचा छोटा दांडा शशीच्या गुडघ्यापाशी होता. शशीने ट्रकचा ब्रेक न दाबता तो दांडा सरकवला. मागून कुणी धरून ओढल्यासारखं झालं, डबा सरळ झाला. मग हळूहळू गाडी कडेला घेऊन थांबवली.

बाहेर गवतावरून वारा वाहात होता.

शशी उतरला, चाकं पाहिली, जोडणी पाहिली, पुन्हा पाहिली. परत येऊन बसला आणि म्हणाला, "बाबा, माझं चुकलं. हा ट्रक या ट्रेलरला पुरत नाही. नदीपलीकडे मुक्काम करू आणि उद्या परत फिरू. पुढे डोंगर आहेत. तुम्हा दोघांना घेऊन मी ही रिस्क घेणार नाही."

हे म्हणाले, "बरोबर आहे तुझं. नदी तर पाहिली ना."

आणि त्यांनी नकाशा मिटला. ज्या घड्या होत्या त्याच घड्यांवर, सावकाश, हाताने सपाट करत. मला ते बघवेना.

नदीकाठी मुक्कामाला पोचलो तेव्हा ऊन चांगलं होतं. शशी मुक्कामाच्या जागेच्या ऑफिसातल्या फोनवरून मेधाला कळवायला गेला. मी ट्रेलरचं दार उघडलं, तर आत लोणच्याचा घमघमाट! मागचं कपाट उघडून बरणी फुटली होती, तेल चादरीवर, तूरडाळ सगळीकडे. मी डाळ भरली, चादर आणि एक साडी धुतली आणि झाडाला दोरी बांधून वाळत घातली. तिकडचा वारा काही साधा नव्हे. वळून बघते तर साडी दोरीवर नाही! समोरच्या मोठ्या ट्रेलरच्या टपावर जाऊन पसरलेली, आणि खुर्चीत बसलेली एक गोरी म्हातारी वर बघतेय.

तिचं नाव डोरथी. नवरा हॅरल्ड, शेतकरी, शेती मुलाला देऊन आता दोघं फिरतात. हॅरल्डने शिडी लावून साडी काढून दिली. डोरथी ती हाताने मापत राहिली, टोकच संपेना. म्हणाली, आमच्या सगळ्या खिडक्यांचे पडदे होतील! नंतर तिने ऱ्हुबार्ब नावाच्या भाजीची गोड कचोरी म्हणावी तसा 'पाय' नावाचा पदार्थ आणून दिला. चव अंबाडीच्या देठासारखी आंबट, वर साखर. यांनी आधी विचारून घेतलं, चरबी नाही ना? मग दोन तुकडे खाल्ले.

हे होतंय तोवर शशी फोन करून आला आणि ट्रक सोडवायला लागला. ट्रकच्या मागे एक लोखंडी गोळा असतो, त्यावर ट्रेलरचा लांब दांडा बसतो. शशीने कडी काढली, दांड्याला हात घातला आणि एका हाताने तो वर उचलला.

हॅरल्ड शिडी ठेवून वळला होता, तो तिथेच थांबला. म्हणाला, "हे सन, दॅट्स टू लाइट!"

इंग्रजी मला येत नाही, दांडा फार हलका आहे असं तो म्हणाला ते शशीने नंतर सांगितलं. पण मी तेच बघत होते. तो उचललेला दांडा बघून मी पुढे झाले, कारण हे मी लहानपणी शंभर वेळा पाहिलेलं होतं.

"शशी," मी म्हटलं, "गाडी उलाळ झालीय रे."

"काय झालीय?"

"उलाळ. बैलगाडीत ढेपा मागे जास्त भरल्या की जू वर उचलतं. बैलाच्या मानेवर वजनच राहात नाही, गळ्यातले पट्टे गळ्याला लागतात, मग गाडी बैलाचं ऐकत नाही, बैल गाडीचं ऐकतो. माझे बाबा पहिली ढेप पुढे ठेवायला लावायचे, आणि निघण्याआधी जू हाताने दाबून बघायचे."

शशीने हॅरल्डला सांगितलं. हॅरल्डने टोपी मागे सारली आणि जमिनीवर काठीने डबा काढून, पुढच्या भागात चार रेघा ओढून दाखवल्या. वजन पुढे, गोळ्यावर दाब हवा. नाहीतर शेपूट गाडी हाकतं.

शशी म्हणाला, "मला माहीत आहे ते! म्हणून तर मी सगळं पुढे पलंगाखाली ठेवलंय."

आता मात्र मी दोरीवरची चादर सारखी करायला लागले. हे माझ्याकडे बघायला लागले. एवढी वर्षं संसार केलाय, त्यांना माझं गप्प राहणं कळतं.

"अगं, काय केलंस?"

"मागे नेलं," मी म्हटलं. "सगळं. हत्यारांची पेटीसुद्धा."

"आई!" शशी ओरडलाच. "का?"

"अन्नावर कोण झोपतं रे? पाय लागतात!"

तो दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा राहिला. मला वाटलं आता बोलणार मला, आणि बोलावंच, मरता मरता वाचलो होतो आम्ही. पण त्याचा चेहरा हळूहळू बदलला. म्हणाला, "म्हणजे ट्रक पुरतोय."

"म्हणजे?" हे म्हणाले.

"म्हणजे बाबा, कदाचित जाता येईल. सगळं पुढे लावून बघू. उद्या नदीकाठच्या रस्त्यावर चालवून पाहतो. डुलला नाही तर जाऊ, डुलला तर परत."

यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि कणकेचं पोतं उचललं. "राहू द्या, पाठ भरेल," म्हटलं, तर म्हणाले, "भरू दे." हॅरल्डने तांदूळ आणले, शशीने पेटी. मी कप्प्यातली ब्लँकेटं काढून मागे नेऊन ठेवली. सगळं रचून झाल्यावर शशी मला म्हणाला, "ये, आता तू दाबून बघ." मी दांडा दोन्ही हातांनी धरून उचलायला गेले. हलला नाही.

राहिला प्रश्न झोपायचा. मी गादीपाशी उभी राहिले, आणि मला आठवलं की माझ्या बाबांचे गाडीवान बाजारापर्यंतच्या वाटेवर गुळाच्या ढेपांवरच पथारी टाकायचे. दुसरी जागाच कुठे होती? पण वर चढण्याआधी ढेपेला हात लावून कपाळाला लावायचे. एवढं पाहिलेलं मी विसरले कशी! मी पलंगाला हात लावला, नमस्कार केला. दारात डोरथी उभी होती, ताट परत न्यायला आलेली. शशीला तिने विचारलं, मग म्हणाली, आम्हीही जेवणाआधी मान खाली घालतो. चला, म्हणजे पद्धत निराळी असली तरी समजलं तिला.

तिसरा दिवस आणि पुढे

सकाळी शशी रिकाम्या रस्त्यावर एकटाच ट्रेलर घेऊन गेला. आम्ही दोघं नळापाशी उभे. हे खिशातला नकाशा बाहेर काढून परत आत ठेवत होते. अर्ध्या तासाने पांढरा डबा दिसला. सरळ येत होता हो! दोरीवर चालल्यासारखा. शशीने खिडकीतून हात काढून अंगठा वर केला. यांनी नकाशा तिथेच, उभ्या-उभ्या, वाऱ्यात उलगडला. एक कोपरा फाटला. फाटू दे!

शशीने मेधाला पुन्हा फोन केला. ती काय म्हणाली ते विचारलं तर म्हणतो, "तुला नमस्कार सांगितलाय, कोपरापासून."

त्यानंतर रोज निघताना दांडा दाबून बघायचं काम माझ्याकडे. हवा गेलेली नाही ना ते शशी बघायचा, कड्या हे बघायचे, आणि मी शेवटी येऊन दाबायचे. मी मान हलवल्याशिवाय गाडी निघायची नाही. सगळ्या जन्मात एवढा मान मला कुणी दिला नव्हता.

वाटेत मातीचे सुळके पाहिले, गुलाबी-पिवळे पट्टे असलेले, कुणी बर्फी कापून ठेवल्यासारखे. रानगवे पाहिले, आमच्या ट्रकपेक्षा मोठे, रस्त्यात बसलेले, हॉर्न वाजवला तर आमच्याकडे असं बघितलं की शशीने माफी मागितली. मग आले डोंगर. चढावर इंजिन तापायला लागलं. शशी म्हणाला, इंजिनची उष्णता काढायला हीटर लावावा लागेल. जून महिना, बाहेर ऊन, आणि आत पायाशी गरम वारा! हे घामाने निथळत खिडकीशी बसले होते. मी म्हटलं, "अहो, चक्कर येते का?" तर म्हणाले, "समुद्रसपाटीपासून आपण किती उंच आलोय माहीत आहे का?" आणि सांगायलाच लागले. मागे घर, पायाशी शेगडी आणि शेजारी भूगोल. माथ्यावर बर्फ होतं. मी मूठभर घेऊन यांच्या मानेवर ठेवलं.

यलोस्टोन

फवाऱ्याभोवती अर्धगोल बाकडी आहेत. जवळच पाटीवर अंदाजे वेळ लिहिलेली असते. आम्ही तासभर आधीच जाऊन बसलो. यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, शाळा तपासणीला घालायचे तसा. जमिनीतून नुसती वाफ येत होती. वेळ झाली. काही नाही. पाच मिनिटं गेली. थोडं पाणी उडालं आणि बसलं. यांचा चेहरा उतरला. "आज नसेल कदाचित," म्हणाले.

आणि मग आलं. आधी बुडबुड, मग एक उंच लाट, मग त्याच्यावर आणखी एक, आणि बघता बघता पांढरा खांब आभाळात! सगळे लोक उठून उभे राहिले. हेही उठले. पण उठले ते आमच्याकडे तोंड करून. फवाऱ्याकडे पाठ, हात मागे करून बोट बरोबर फवाऱ्यावर, आणि खणखणीत मराठीत सुरू झाले, "पाहा, जमिनीखाली तापलेला खडक असतो. भेगेतून पाणी खाली झिरपतं..." शेजारची गोरी माणसं फवारा सोडून यांच्याकडे बघायला लागली. शशी हसत होता, आणि डोळेही पुसत होता.

मी उठले, दोन्ही खांदे धरले आणि यांना वळवलं. "अहो गुरुजी, वर्ग सुटला. आता तुम्ही बघा."

बोलणं अर्ध्यावरच राहिलं. मान वर, आणखी वर गेली. पाणी खाली बसेपर्यंत ते हलले नाहीत. लोक पांगले, बाकडी रिकामी झाली, वाऱ्याने थोडे थेंब आमच्यावर उडवले. मग माझ्याकडे न बघताच हळूच म्हणाले,

"फळा फार लहान होता गं."